काका चहा पिऊन आले का?

कारखान्यांत ऑटोमेशन बसवणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, उरलेल्या वायरी आणि किस्से. वायरी कुठंतरी कामाला येतात. किस्से सांगायची पंचाईत होते, कारण बहुतेकांत येडा मीच असतो.

*

नांदेडच्या एका तेलाच्या कारखान्यात माझी पहिली ट्रायल. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, सगळं प्रोग्रामात लिहिलेलं. फक्त टाकीचा खालचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, एवढंच राहिलं. तेल वरून आलं आणि खालून गेलं. मालक कौतुकानं म्हणाले, "लई फास्ट हाय हो तुमचं मशीन."

*

लातूरकडच्या कारखान्यात मारोतीकाका, तीस वर्षांचे जुने ऑपरेटर. प्रत्येक स्टेपला त्यांनी तेल बघून बटण दाबावं, अशी मी सोय केली. आठ दिवसांनी गेलो तर बटणात आगपेटीची काडी खोचलेली.

"सारखं विचारून राहिलं हो ते. म्हणलं, एकदाच 'हाव' म्हणून सांगून ठेवावं."

मी रागानं बटणच काढून टाकलं.

*

तेल पाण्यानं धुतलं की ते पाणी खाली बसेपर्यंत थांबावं लागतं. किती वेळ, असं विचारलं तर काका म्हणाले, "चहा पिऊन येईस्तोवर." मी घड्याळ बघत त्यांच्या मागं टपरीवर गेलो. चाळीस मिनिटं. प्रोग्रामात चाळीस टाकली आणि स्वतःवर लई खूश झालो.

थंडी पडली आणि तेल गढूळ यायला लागलं. तिथल्या मालकांनी सुनावलं, "सोमवारची बॅच बिघडली तर पॅनल उचला आन् निघा." माझी पाचावर धारण बसली. मुकाट काकांकडे गेलो.

"अहो, थंडीत चहा पिऊन माणूस घडीभर उन्हात बसत न्हाई का?" काका म्हणाले. "तेल बी गारठतंय. उशिरा बसतंय."

मी बटण परत लावलं, फक्त त्या एका स्टेपला.

सोमवारी मालक समोर उभे. सातवी, पाणी खाली बसायची स्टेप आली, मशीन थांबलं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: काका चहा पिऊन आले का?

"हे काय हाय?"

"सेन्सर हाय, साहेब."

काका उन्हातून सावकाश आले. काचेतून तेल पाहिलं, अजून थोडं थांबले, मग बटण दाबलं. तेल नितळ निघालं. मालकांनी बिलावर सही केली आणि विचारलं, "ह्या सेन्सरची वॉरंटी किती?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "चैत्रात रिटायर होऊन राहिलो मी."