पागेच्या सरदाराला लिहिलेली पत्रं

गंगाखेडच्या कॉलेजात मी बावीस वर्षं इतिहास शिकवते. महसूल व्यवस्था हा धडा आला की दुपारचा वर्ग पेंगायला लागतो. त्यावर माझ्याकडे हमखास औषध होतं. एक राणी आणि तिच्या पागेचा सरदार, म्हणजे तिची घोडी सांभाळणारा अधिकारी, यांच्या चोरट्या प्रेमाची गोष्ट. एका जाडजूड, लय खपलेल्या पुस्तकातून उचललेली. मी ती तिखटमीठ लावून सांगायची. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसायची आणि मला वाटायचं, काय छान शिकवते मी!

दोन वर्षांमागे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी अचानक यायची बंद झाली. पोखर्णीकडच्या एका खेड्यातून ती एसटीने यायची. परीक्षा तोंडावर आलेली. मैत्रिणींनी सांगितलं, ती स्टँडवर एका मुलाशी बोलत होती, ते गावात कळलं आणि बापाने शिक्षण बंद केलं. माझं डोकंच फिरलं. रविवारी थेट तिच्या घरी गेले.

बाप ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. दोन एकरांचा शेतकरी, बोलायला मऊ. पाणी दिलं, सतरंजी टाकली.

"दादा, मुलाशी बोलताना तुम्ही पाहिलं?" मी विचारलं.

"मी कुठं बघितलं. गावातला एक जण म्हणला."

"त्याने पाहिलं?"

"त्याला हॉटेलवाल्यानं सांगितलं."

मी जिंकल्यासारखी म्हणाले, "म्हणजे पाहिलेला माणूसच नाही. ऐकीव गोष्टीवर पोरीचं वाटोळं करायलात तुम्ही."

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या राणीचं तुमी बघितलं व्हतं का? पोरीनं घरी येऊन सांगितलं आमाला. राणी मेली, राज गेलं, तरी तुमी तिचं नाव अजून वर्गात काढायलात. तिला न्हाई सोडलं, तर माझ्या पोरीला लोक किती दिवस बोलतील?"

मुलगी दारामागे उभी होती. तिच्याकडे बघवेना.

घरी येऊन ते पुस्तक काढलं आणि पहिल्यांदा इतिहासाच्या मास्तरणीसारखं वाचलं. पानोपानी 'जाणकार सांगतात', 'असे मानायला जागा आहे'. राणीचे उसासे, तिच्या चोळीची गाठ, सगळं इतकं बारीक की लेखक पलंगाखाली दबा धरून बसला होता की काय! सात बायका करणारा राजा मात्र त्याच पुस्तकात 'रसिक'. शेवटी संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकं वाचनालयातून मिळवली, तर त्यांनी एकमेकांचंच उतरवून घेतलेलं. सगळ्यांच्या मुळाशी एकच कागद, तोही राणीची गादी बळकावणाऱ्या दिराच्या कारकुनाने ती मेल्यावर लिहिलेला. राणीने त्या सरदाराला लिहिलेली पत्रं छापलेली सापडली. त्यांत घोड्यांचा चारा आहे, शिपायांचा थकलेला पगार आहे. लेखकाला त्यात 'दडलेली हुरहूर' दिसली. अहो, मीही आमच्या क्लार्कला दर महिन्याला खडूंसाठी चिठ्ठी लिहिते. मग माझंही प्रकरण म्हणायचं का?

लेखकाचा राग आलाच, पण स्वतःची लाज जास्त वाटली. पुरावा कसा तपासायचा हे शिकवायचा पगार मी घेत होते.

पुन्हा त्या ओसरीवर गेले. "दादा, माझं चुकलं. त्या गोष्टीला काही आधार नाही," म्हणाले.

"मला सांगून काय उपेग? जिथं सांगितलं तिथं सांगा. मी पोरीला घेऊन येतो. तुमी बोललात तर बसंल, न्हाई तर परत नेतो."

सोमवारी दोघं वर्गाच्या दाराशी उभे राहिले. मी ते पुस्तक आणि पत्रं टेबलावर ठेवली, कुणी, केव्हा, कशासाठी लिहिलं ते सांगितलं आणि म्हणाले, "वीस वर्षं मी तुमच्यासारख्यांना हे खरं म्हणून सांगितलं. न तपासता, तुम्ही हसावं म्हणून." एक मुलगा कुजबुजला, कुणी हसलं. मी थांबले नाही.

बापाने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "जा, बस." ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. जाता जाता तो म्हणाला, "मॅडम, आधी शिकून गेलेल्या पोरांना कोण सांगणार?"

मी शिकवलेली मुलं पार पुण्यापर्यंत पांगली आहेत. काही स्वतः मास्तर झालीत आणि तीच गोष्ट सांगत असणार. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही माझ्या वर्गात बसला असाल तर ऐका. त्या राणीचं कुणावर प्रेम होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. मला कधीच ठाऊक नव्हतं.