गणपतीच्या शनिवारी होम गेम

गणपतीची तारीख काढताना मी पंचांग बरोबर पाहिलं होतं. चुकलो ते फुटबॉलच्या वेळापत्रकात.

गणपतीचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं भारतातले नातेवाईक विचारतात. त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही. गाव अमेरिकेतलं, युनिव्हर्सिटीचं. मधोमध स्टेडियम, आणि त्याच्या भोवती उरलेल्या जागेत आम्ही. सप्टेंबर ते नोव्हेंबर सहा-सात शनिवार टीम घरी खेळते. त्या दिवशी गावात गावाच्या दुप्पट माणसं येतात, रस्ते एकेरी होतात, आणि दूध आणायला निघालेला माणूस दही घेऊन परततो. आमच्या मराठी मंडळाचा गणपती ज्या शाळेच्या कॅफेटेरियात बसतो ती शाळा स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. होम गेमच्या दिवशी शाळेचं पार्किंग प्रेक्षकांना दिलेलं असतं. वर्षानुवर्षं त्याच लोकांना, त्याच जागा.

म्हणून मंडळाचा एकच कडक नियम आहे: गणपतीचा शनिवार होम गेमवर येता कामा नये. कमिटीत हा खेळ फक्त मला कळतो, असं मीच सांगून ठेवल्यामुळे बारा वर्षं तारीख काढायचं काम माझ्याकडे. दुसरं काम देत नाहीत. एकदा माईकचं दिलं होतं.

यंदा गणपतीच्या दहा दिवसांत शनिवार दोनच येत होते. पहिल्याला होम गेम. दुसऱ्याला आमच्या टीमची मॅच होती, पण न्यूट्रल साइटवर, म्हणजे ना आमच्या गावात, ना समोरच्यांच्या. दोघांपासून चार-चार तासांवर, मोठ्या शहरातल्या छत असलेल्या स्टेडियमवर. अर्धी तिकिटं त्यांना, अर्धी आपल्याला. अशा दिवशी आमचं गाव झाडून रिकामं होतं. गणपतीला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. मी छाती काढून तारीख जाहीर केली, शाळेला कळवलं आणि वर्षभराचं कर्तव्य संपलं म्हणून पाय वर करून बसलो.

न्यूट्रल साइट ही गोष्ट मला फार आधीपासून माहीत आहे, फुटबॉलच्याही आधीपासून. मी पुण्याचा, बायको नागपूरची. लग्न कुठे करायचं यावर दोन्हीकडच्या काकामंडळींनी इतका काथ्याकूट केला की शेवटी ते जालन्याला झालं. तिथे आमचं कुणी नव्हतं, त्यांचंही कुणी नव्हतं. पुणेकरांना जेवण तिखटजाळ लागलं, नागपूरकरांना आजाऱ्याचं लागलं, आणि दोन्ही पक्ष आजही सांगतात की आमच्याकडे केलं असतं तर बघायला नको होतं. तेव्हापासून भारतवारीत एक दिवाळी पुण्याला, पुढची नागपूरला, असा सरळ करार आहे. इथल्या युनिव्हर्सिट्याही आपसात तसाच करार करतात: यंदा तुम्ही आमच्याकडे या, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येतो. मधल्या मध्ये जालना गाठायला लागले की लोक कुरकुरतात.

सर्वांत जास्त कुरकुरणारा माणूस आमच्या शेजारी राहतो. पोस्टातून रिटायर झालेला, सत्तरीचा, हिवाळ्यातही टीमची लाल टोपी घालून बर्फ उपसणारा. त्याच्या वडिलांनी त्याला पहिली मॅच खांद्यावर बसवून दाखवली होती. ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत होतो, तेव्हा तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, "मग? त्या शनिवारी भेटू. शेवटी आणलीच की नाही घरी!"

"काय आणलं घरी?"

"मॅच! दोन्ही युनिव्हर्सिट्यांनी करार बदलला. यंदा इथे, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे. मार्चमध्येच जाहीर झालं."

मार्चमध्ये आम्ही नागपुरात होतो, मेहुण्याच्या वास्तुशांतीला. माझ्या फ्रिजवर अजून दोन वर्षांपूर्वी छापलेलं वेळापत्रक होतं.

"पण कुणी बदलायला लावला?" मी विचारलं. माझा आवाज बहुतेक केविलवाणा झाला असावा.

तो हसायलाच लागला. "अरे, आपण! अर्जावर सही केली होतीस ना तू? माझ्या खालीच आहे तुझी सही."

केली होती. जानेवारीत, ड्राइव्हवेमध्ये, हातमोजा काढून. त्याच्या हातातल्या क्लिपबोर्डवर कागद होता: आमची मॅच आमच्या गावात परत आणा. थंडीत वाचत कोण बसणार? वर मी त्याला दहा मिनिटं ऐकवलंही होतं की घरच्या मैदानाची सर कशालाच येत नाही.

घरात आलो तर बायको जेवणाच्या टेबलावर जुन्या काळ्या लेगिंगमधून उंदराची शेपटी कापत होती.

इथे थोडं सांगायला हवं. बायको कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांमध्ये काम करायची, बसवायचीसुद्धा. इकडे आल्यावर नोकरी, व्हिसा, मुलं यांत ते सुटलं ते वीस वर्षं सुटलंच. यंदा तिने शनिवारच्या मराठी शाळेतली नऊ मुलं घेऊन गणपतीसाठी छोटं नाटक स्वतः लिहून बसवलं होतं. मेपासून तालमी, आमच्या गॅरेजमध्ये. माझी गाडी चार महिने उन्हात. नाटकात गणपतीचा उंदीर अमेरिकेत येऊन संप करतो: इथे सगळे गाडीने फिरतात, मीच का पाठीवर ओझं वाहायचं? उंदीर झालेली दहा वर्षांची मुलगी जवळजवळ पूर्ण वेळ स्टेजवर. ती नसेल तर नाटकात बोलायला कुणी उरत नाही. आणि ती राहते स्टेडियमच्या पलीकडे, मक्याच्या शेतांजवळच्या नव्या कॉलनीत. नाटक झालं नाही तर ही बाई पुन्हा पेन हातात धरणार नाही, असं ती बोलली नव्हती. मला ते सांगावं लागत नव्हतं.

"ऐक ना," मी म्हणालो, "त्या शनिवारी एक छोटासा होम गेम आहे."

कात्री थांबली. "छोटासा म्हणजे? अर्धंच स्टेडियम भरतं का?"

"नाही, भरतं पूर्ण. जरा जास्तच भरेल. फार मोठी मॅच आहे."

"तू तर म्हणाला होतास, गावात कुत्रं नसेल."

मग मी अर्जाचं सांगितलं. तिने शेपटी टेबलावर ठेवली, सरळ केली आणि म्हणाली, "म्हणजे तू नुसता चुकला नाहीस. तू सही करून चुकलास."

अध्यक्षकाकांना फोन केला. काका मातीशास्त्राचे निवृत्त प्रोफेसर, शांत माणूस. "पुढच्या शनिवारी ढकलू," ते म्हणाले, आणि लगेच, "अरे नाही, पितृपक्ष लागतो की." मग ते म्हणाले, "बारा वर्षांत तुला एकच काम दिलं होतं रे."

"माईकचं धरून दोन, काका."

"तेही आठवतंय मला."

मार्ग सुचला तो शेजाऱ्याला. कॉलेज फुटबॉलची एक गंमत अशी की मॅच किती वाजता सुरू होणार हे टीव्हीवाले जेमतेम बारा दिवस आधी सांगतात. त्या सोमवारी कळलं: सकाळी अकरा. शेजारी म्हणाला, "गाव कधी रिकामं असतं माहितीय? मॅच चालू असताना. साडेतीन तास रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तुमची पूजा त्या वेळात बसवा. लोकांना मात्र आठच्या आत आणा."

"पण पार्किंग?"

"ते पार्किंग म्हणजे आम्हीच," तो म्हणाला. तीस वर्षं तो आणि त्याची मित्रमंडळी मॅचच्या आधी शाळेच्या त्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून, तंबू ठोकून, शेगड्या पेटवून खात-पीत बसतात. "आम्ही तीन रांगांत पसरतो. दोन रांगांत बसू. तिसरी तुमची. अर्जावर सही केलेल्या माणसाला एवढं तरी करायला पाहिजे."

अशा रीतीने मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा मंडळी वेळेवर आली. सात वाजता! पैठण्या नेसलेल्या बायका हातात कॉफी घेऊन जांभया देत होत्या. दहाच्या सुमाराला मूर्ती गाडीतून उतरवायची वेळ झाली आणि माझ्या लक्षात आलं, की गाडीपासून कॅफेटेरियाच्या दारापर्यंतचा रस्ता त्या तंबूंमधून जातो, आणि प्रत्येक शेगडीवर सॉसेजेस तडतडतायत. एका मावशींनी नाकाला पदर लावून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ती उलटतोय.

मी शेजाऱ्याजवळ गेलो. "आमचा देव येतोय," एवढंच म्हणालो.

त्याने मागे वळून हाक दिली. खटाखट सगळ्या शेगड्यांची झाकणं पडली. मग, त्यांच्या राष्ट्रगीताच्या वेळी काढतात तशा, त्या साठ-सत्तर लोकांनी टोप्या काढल्या. आमचे दोन ढोल आणि एक ताशा. शाळेच्या आवारात आवाज नको म्हणून एरवी आम्ही ते असे वाजवतो, जसं कुणाचं बाळ झोपलंय. त्या दिवशी पलीकडून ओरडा आला, "लाउडर!" आणि ढोलवाल्या पोरी ज्या सुटल्या त्या सुटल्याच. अध्यक्षकाका, ज्यांना मी कधी मान डोलवतानाही पाहिलं नव्हतं, पाट धरलेल्या अवस्थेत चक्क तालावर चालले.

बारा वर्षं मी गाव रिकामं असेल तोच दिवस शोधत होतो. ते मला तेव्हा जरा विचित्र वाटलं. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण उंदीर आला नव्हता.

तिच्या घरच्यांना उठायला उशीर झाला होता. नऊला निघाले, तर नदीवरचा पूल एकेरी झालेला. दहा वाजता तिच्या वडिलांचा फोन: नदीपलीकडे गाडी लावून चालत निघालोय, दोन मैल, स्टेडियमच्या बाजूनेच यावं लागेल. नाटक बाराला. आरती झाली. अथर्वशीर्ष झालं. काकांचं भाषण झालं, मी खुणा केल्या म्हणून पुन्हा थोडं झालं. पडद्यामागे आठ मुलं वेषात बसलेली, आणि बायको त्यांच्यासमोर हातात शेपटी घेऊन उभी. गणपती झालेल्या मुलाने विचारलं, "मावशी, कॅन आय डू बोथ पार्ट्स?" तिने त्याच्या सोंडेवरून नुसता हात फिरवला.

बाराला दहा कमी असताना दार उघडलं. उंदीर घामाघूम. घरूनच राखाडी पोशाख घालून आणि मिशा रंगवून निघालेली ती पोरगी ऐंशी हजारांच्या गर्दीतून चालत आली होती. एका गालावर मिशा, दुसऱ्या गालावर कुणीतरी रंगवलेलं टीमचं लाल चिन्ह, हातात पॉपकॉर्नची पिशवी.

"मावशी, एव्हरीबडी वॉन्टेड अ पिक्चर!"

"संवाद आठवतात का?" बायकोने विचारलं.

"रस्त्यात सगळे म्हटले. मोठ्यांदा. लोक टाळ्या वाजवत होते."

बायकोने गुडघ्यावर बसून तिला शेपटी लावली. लाल चिन्ह पुसायला रुमाल काढला, बघितलं, आणि परत कमरेला खोचला.

नाटक सुरू झालं. मी मागे, माईकपासून लांब. उंदीर संपावर गेला, पार्वतीने समजावलं, शंकराने गाडीची किल्ली हरवली. मग ती मुख्य जागा आली, जिच्यावर बायकोने गॅरेजमध्ये दोन शनिवार घालवले होते. उंदीर कमरेवर हात ठेवून पुढे येतो आणि म्हणतो, "बाप्पा, अहो खरं सांगतो, तुमचं वजन वाढलंय!"

आणि नेमकी तेव्हाच, पंधरा मिनिटांवरच्या त्या स्टेडियममधून आरोळी आली. उघड्या दारातून, छताच्या पत्र्यावरून, पायांखालून. कॅफेटेरियाच्या खिडक्या थरथरल्या. सगळे क्षणभर दचकले, मग दीडशे माणसं अशी हसली की पुढच्या रांगेतल्या एक आजी खुर्चीवरून घसरता घसरता राहिल्या. दुसरं कुठलंही मूल गोंधळलं असतं. ही पोरगी थांबली. हात कमरेवर तसाच ठेवून, आरोळी पूर्ण विरेपर्यंत, हनुवटी वर करून थांबली, आणि मगच पुढचं वाक्य घेतलं. मी विंगेत पाहिलं. बायको तोंडावर पदर दाबून उभी होती. रडत होती की हसत होती, मला लांबून कळलं नाही.

दुपारी आम्ही दोघं कॅफेटेरियात टेबलं पुसत होतो. बाहेर लाल टोप्यांची मंडळी मान खाली घालून गाड्यांकडे परतत होती. शेजारी दारात डोकावला, दोन तळलेले मोदक उचलले, मान हलवली आणि गेला.

"काय झालं रे त्याला?" बायकोने विचारलं.

"हरले. शेवटच्या मिनिटाला."

"घरच्या मैदानावर?"

"घरच्या मैदानावर."

तिने उंदराची शेपटी नीट गुंडाळून पर्समध्ये ठेवली. "मग मघाशी एवढे ओरडले कशाला?"

"तेव्हा जिंकत होते ना."

"माझा उंदीर बोलत होता तेवढा वेळ जिंकत होते?" ती म्हणाली. "मग झालं तर."