रशियन काकांचा क्षमेचा रविवार

अख्ख्या भिवंडी तालुक्यात देवाशी रशियन भाषेत बोलणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका रोज सकाळी शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसायचा. आम्ही दोघेही वळ गावातल्या एका गोदामात कामाला. मी येणारा माल बघायचो, ते जाणारा. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी वडील, अंगाने किरकोळ, शर्ट कायम इस्त्रीचा. गोदामातले हमाल त्यांना रशियन चाचा म्हणत आणि बाकीचे रशियन काका, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो. आता माझी तऱ्हा अशी, की घरातून निघतानाच मी दमलेला असतो. रात्रीची झोप डोळ्यांवर, पाठीत कळ, पुढे तीच धूळ आणि तेच भोंगे. अशा माणसाच्या कानाशी लागून कुणी 'गोस्पदी पमीलुय, गोस्पदी पमीलुय' असं पुटपुटत राहिलं, तर त्याने काय करावं? मी डोळे मिटून घ्यायचो. 'म्हणजे प्रभू, दया कर,' असं ते न विचारता सांगायचे. हातात जपमाळेसारखी, लोकरीची गाठी मारलेली एक काळी दोरी असे. कशेळीकडे एखादा कंटेनर बंद पडला की त्याची रांग थेट आमच्यापर्यंत यायची. रिक्षावाला शिव्या घालायचा, मी घड्याळाकडे बघून आणखी दमायचो आणि काकांची दोरी एकेक गाठ पुढे सरकायची. एकदा मी फारच कुरकुरलो तेव्हा ते म्हणाले, 'चर्चमध्ये तासभर मिळतो, इथं दीड तास मिळतो. तक्रार कसली करता?'

काका जन्माने ख्रिस्ती. वडील मास्तर म्हणून नगरकडून इकडे आले ते इथलेच झाले. पण काकांचा धर्म बरीच वर्षं बेताचा होता, म्हणजे माझा आहे तेवढाच. मी सत्यनारायणाच्या प्रसादापुरता धार्मिक, ते नाताळच्या करंज्यांपुरते. रविवारची उपासनासुद्धा क्रिकेटची मॅच नसली तरच. हे सगळं बिघडलं, किंवा सुधारलं म्हणा, ते त्यांच्या पुतणीमुळे. थोरल्या भावाची ही मुलगी डॉक्टरकी शिकायला रशियात गेली होती. काकांना मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्यावर भारी जीव. एका थंडीत तिने होस्टेलजवळच्या चर्चमधून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आत ना पेटी, ना तबला, नुसती माणसं उभ्याने गात होती, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी मेणबत्ती लावून रडत रडत काहीतरी म्हणत होती. 'मला वाटलं, ही बाई देवाला काय सांगतेय ते मला कळलं पाहिजे,' काका मला म्हणाले. 'आपण इतकी वर्षं चर्चला गेलो, कधी असं काही सांगितलंच नाही.' दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर रशियन शिकायला घेतलं. माणसं साठीकडे झुकल्यावर गुडघ्यांचा व्यायाम सुरू करतात, यांनी ही भाषा सुरू केली.

एक गोष्ट मात्र ते कमी सांगायचे. पुतणी त्यांना फोन करायची तो बापाच्या चोरून. कारण त्या बापाचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. आई गेली तेव्हा थोरला नाशकात होता. 'निघालोय, पेटी बंद करू नका, आईचं तोंड बघू द्या,' असा त्याचा फोन आला होता. तो राजनोलीच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकला. इकडे ऊन उतरू लागलं, चर्चचे पाळकसाहेब घड्याळ बघू लागले. थांबता आलं असतं. पण आजारपणात आला नाही तो आता कशाला हवा, या रागात काकांनी शवपेटी बंद करायला लावली. थोरला पोचला तेव्हा माती देऊन लोक परत फिरले होते. तो तसाच माघारी गेला. पुढे कामावरून मोकळा झाल्यावर कोन गावाला राहायला आला, इथून हाकेच्या अंतरावर, पण धाकट्याच्या दारात त्याने पाऊल ठेवलं नाही.

रशियन भाषेबरोबर रशियन चालीरीतीही आल्या, आणि त्यांचा जाच मला झाला. काका चहात साखर घेईनात, जॅम घेऊ लागले. गोदामाबाहेरच्या टपरीवर ते स्वतःची मिक्स फ्रूटची बाटली घेऊन जायचे आणि टपरीवाला दुसरीकडे तोंड करायचा. प्रवासाला निघण्याआधी घटकाभर गप्प बसावं, ही तिकडची रीत. ती त्यांनी रोजच्या रिक्षाला लावली. स्टँडवरच्या बाकावर मलाही हाताला धरून बसवायचे, आणि आम्ही मौनात असताना तीन रिक्षा भरून निघून जायच्या. नाताळ दोन झाले, एक आपला डिसेंबरातला आणि एक जानेवारीतला, आणि दोन्हींना ते रजेचा अर्ज टाकायचे. चर्चमध्ये ते अखेरपर्यंत उभे राहू लागले. मागच्या बाकांवरच्यांना काही दिसेना, तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांना गोडीगुलाबीने शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं. घरात पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांनी येशूचं चित्र लावून खाली दिवा ठेवला. माझी बायको बघून आली आणि म्हणाली, 'जागा अगदी शास्त्राप्रमाणे निवडलीय हो.' मी हसलो, पण एवढं खरं की माणूस बदलत होता. पूर्वी हमालाचा हात मालाला चुकीचा लागला की काका पेटून उठायचे. आता तोंड उघडायच्या आत दोरीच्या दोन गाठी सरकायच्या, आणि तोवर राग निघून गेलेला असायचा.

मग एका वर्षी त्यांना क्षमेच्या रविवारचा शोध लागला. तिकडे ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळे एकमेकांपुढे वाकून माफी मागतात. समोरच्याने म्हणायचं, देव माफ करील, मीही करतो. रविवारी गोदाम बंद, म्हणून काकांनी हा कार्यक्रम शनिवारी उरकायचं ठरवलं. पहिला नंबर माझा लागला, रिक्षात. मी म्हटलं, माफ केलं, जरा सरका. मग ते गोदामात शिरले आणि दिसेल त्याच्यापुढे वाकत सुटले. वॉचमन झाला, फोर्कलिफ्टवाला झाला, टपरीवाला झाला. एका हमालाने घाबरून विचारलं, 'चाचा, तबीयत तो ठीक है ना? कहीं जा रहे हो क्या?' लेबल लावायला डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी एक म्हातारी होती. तिने त्यांना दंडाला धरून सरळ उभं केलं. म्हणाली, 'तुमी आमचं काय वाईट केलंय? काय न्हाय. उगा वाकू नका, कंबर धरल.'

हे मॅनेजरच्या केबिनपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मॅनेजर गोदामांत मुरलेला माणूस. त्याच्या उभ्या नोकरीत पकडला न जाता माफी मागणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. मालाच्या जावकीवरचा माणूस सगळ्यांची माफी मागतोय म्हणजे माल गेला, असा सरळ हिशोब त्याने केला आणि शटर ओढून अख्खा स्टॉक मोजायला लावला. माझा शनिवार त्यात गेला. रॅकवर चढून चढून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. एकही खोकं कमी निघालं नाही, उलट दोन जास्त निघाली, आणि ती माझ्या आवकीतली, त्यामुळे बोलणी मी खाल्ली. काका माझ्याकडे आले आणि पुन्हा वाकू लागले. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, 'काका, दुनियेची माफी मागत फिरताय. ज्याची मागायला पाहिजे तो कोनला राहतो.'

ते होते तिथेच सरळ झाले. निघताना गेटपाशी म्हणाले, 'मी दोनदा त्याच्या बिल्डिंगखाली जाऊन परत आलोय. उद्या तुम्ही येता का? सोबत कुणी असलं की पळता येत नाही.' आठवड्यातला माझा तो एकच दिवस झोपायचा. मी गेलो.

दार थोरल्याने स्वतःच उघडलं. धाकट्यासारखाच किरकोळ, फक्त जास्त वाकलेला. त्याने काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. वहिनींनी पाणी आणलं. मी बसलो, काका उभेच राहिले. आदल्या दिवशी टपरीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांपुढे धडाधड बोललेला माणूस, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग ते कमरेत पार खाली वाकले आणि रशियनमध्ये बोलू लागले. लांबलचक बोलले. आवाज कापत होता. त्यातला एकही शब्द मला कळला नाही.

थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, 'मराठीत बोल.'

काका वर बघेनात. मला वाटलं, आता हे पळणार, म्हणून मी दाराकडे सरकलो. पण ते पळाले नाहीत. हळूच म्हणाले, 'दादा, आईचं तोंड मी तुला बघू दिलं नाही. थांबता येत होतं. मी मुद्दाम थांबलो नाही.'

'मी राजनोलीला गाडी सोडून चालत निघालो होतो,' थोरला म्हणाला. 'तू पेटी बंद केलीस तेव्हा टेमघरपर्यंत, गावाच्या तोंडाशी आलो होतो.'

एवढंच बोलून तो खुर्चीत बसला आणि हाताने डोळे पुसू लागला. वहिनी आत गेल्या. काका जमिनीवर त्याच्या पायाशी बसले. मला कुठे बघावं ते कळेना. शेवटी थोरला म्हणाला, 'देव करील तुला माफ. माझं मला अजून जमत नाही. पुढल्या रविवारी ये. आईला कुठं ठेवलीय ते दाखव मला.'

पुढल्या रविवारी दोघे गेले. त्या वेळी मी सोबत नव्हतो, माझी गरजही नव्हती. पुतणी डॉक्टर होऊन परत आली, आता काकांना उघड फोन करते. काकांनी नोकरी सोडून कोनलाच भावाच्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली. थोरल्याने माफ केलं का, असं मी मध्यंतरी फोनवर विचारलं, तर म्हणाले, 'तोंडाने नाही म्हणाला अजून. पण संध्याकाळी मला फिरून यायला उशीर झाला तर खाली येऊन उभा राहतो.' मी अजून त्याच रिक्षाने वळला जातो. शेजारी रोज कुणीतरी वेगळं बसतं, मोबाइल बघतं आणि उतरून जातं. मी डोळे मिटून घेतो, पण आता झोप येत नाही, काकांची फार आठवण येते.