धोंड्याच्या महिन्यातले बूट

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण सासऱ्यांवर मी अकरा वर्षांत एकदाही रागावलो नव्हतो. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. लग्न झालं आणि औंधजवळच्या त्या गावात मला पुन्हा बाप मिळाला, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. आम्ही पलूसकडचे, म्हणजे दीड तासाचा रस्ता. मामांच्या (सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात) विहिरीवरची मोटार जळाली की फोन मला, मामींचे डोळे दाखवायला सांगलीला न्यायचं तर गाडी माझी. धाकटी मेहुणी पुण्यात दिलेली. तिचा नवरा कॉम्प्युटरवाला. सणासुदीला येणार, फोटो काढणार, जाणार. त्याच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. मनात एवढंच असायचं, की तो या घरचा जावई आहे आणि मी मुलगा.

गेल्या अधिक महिन्यात, म्हणजे आमच्या भाषेत धोंड्याच्या महिन्यात, मामांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. या महिन्यात लेक-जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. धाकट्याचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. त्याला एका बड्या कंपनीचे बूट फार आवडतात, असं मेहुणी फोनवर बोलून गेली होती. मामांनी ते मनावर घेतलं. आठवडाभर आधी मला फोन आला. "पाव्हणं, जरा साताऱ्याला येतासा का? दोघांस्नीबी बूट घ्यायचं म्हंतुया. मला त्यातलं काय कळतंय?"

मी गेलो. काचेच्या दाराचं थंडगार दुकान. फळीवर एकेका बुटावर वेगळा दिवा सोडलेला. आम्हाला हवा तो जोड पांढरा होता, टाचेवर निळा पट्टा. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी बूट हातात घेतला, तळवा वाकवून बघितला, शिवण अंगठ्यानं चाचपली. मग चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि विक्रेत्याला विचारलं, "ही एका पायाची का दोन्ही पायांची?" विक्रेता हसला नाही. आम्ही गुमान बाहेर आलो.

मागच्या गल्लीत एक लहानसं दुकान होतं. तिथं तसेच बूट दोरीला टांगलेले. तोच रंग, तोच पट्टा, तीच खूण, खोकंसुद्धा तसंच. "फर्स्ट कॉपी आहे, साहेब," दुकानदार म्हणाला. "कंपनीवाला आला तरी ओळखणार नाही." मामा माझ्याकडे बघायला लागले. वयाची पासष्टी ओलांडलेला माणूस, ताठ मानेचा, आणि माझ्या तोंडाकडे बघतोय. मला त्या वेळी फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

"मामा, दोघांस्नीबी ह्येच घ्या," मी म्हणालो. "कुणाला कळतंय? मी काय कुणाला सांगणार हाय व्हय?"

"आन् धाकटं पाव्हणं?"

"त्यांना कशाला सांगायचं? ही गोष्ट तुमच्या-माझ्यात."

"लय मोकळं केलंसा मला," असं म्हणून मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दोघांचाही नंबर आठच, त्यामुळे घालून बघायलाही वेळ लागला नाही. नाक्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. घरी आल्यावर बायकोलाही मी चकार शब्द बोललो नाही.

धोंड्याच्या दिवशी आम्ही दोघं पाटावर बसलो, शेजारी बायका. मामांनी एकाच घंगाळातल्या पाण्यानं दोघांचे पाय धुतले, नव्या टॉवेलनं पुसले. मामींनी कुंकू लावलं. ताटात अनारसे, वर दिवा, आणि पुढं दोन सारखी खोकी. धाकट्यानं खोकं उघडलं आणि त्याचा चेहरा फुललाच. "अहो मामा, एवढं कशाला!" मी मामांकडे बघून हळूच डोळा मिचकावला. मामांनी मान खाली घातली. मला वाटलं, हसू दाबतायत. जेवताना मी चार धोंडे जास्त हाणले. एवढा शिकलेला माणूस आणि कॉपी बूट मांडीवर घेऊन बसलाय, याची मला मनातल्या मनात मजा वाटत होती, थोडी कीवसुद्धा.

ऊन उतरल्यावर नवे बूट घालून आम्ही डोंगरावरच्या यमाईला निघालो. पायथ्याला फुलवाल्याच्या फळीखाली सगळ्यांनी चपला-बूट ठेवले. चढतानाच मला टाचेला खरचटल्याचं जाणवत होतं, पण नवा बूट चावतोच म्हणून सोडून दिलं. दर्शन घेऊन खाली आलो, बूट चढवले आणि चालायला लागलो तर टाच अजिबात दुखेना. पाय कसे कापसावर पडल्यासारखे. यमाईची कृपा, म्हटलं.

मागून धाकटा लंगडत आला. "दादा, थांबा जरा. आपले बूट बदललेत बहुतेक."

"सारखेच तर आहेत. राहू द्या की."

"नाही, माझ्या बुटात आत कोड आहे. मोबाईलवर तपासता येतो. दुपारीच बघितला मी, सवयच आहे मला." त्यानं वाकून माझ्या पायातल्या बुटाची जीभ उलटी केली, मग स्वतःच्या. त्याच्या पायातल्या बुटात काहीच नव्हतं. "हे माझ्या खोक्यात होतं," म्हणून त्यानं खिशातून बिल काढलं. त्याच थंडगार दुकानाचं बिल, आम्ही साताऱ्याला गेलो त्याच्या दोन दिवसांनंतरचं. एकाच जोडाचं.

त्याच्या ध्यानात सगळं आलं तसा तो बिचारा लाल झाला. "दादा, मला खरंच ठाऊक नव्हतं. तुम्ही हेच ठेवा."

मी तिथंच बसून बूट काढले आणि त्याचे त्याला दिले. बायको म्हणाली, "जाऊ द्या, बूटच हायती." तिला काय सांगणार? बुटांचं कुणाला पडलं होतं? ज्या गुपिताच्या जोरावर मी दुपारभर डोळे मिचकावत होतो, ते गुपित माझ्यापासूनच राखलेलं होतं. मामा माझ्यामागं एकटे जाऊन आले होते, कॉपीचा दुसरा जोड परत करून. आणि नंतर माझे पाय धुवायला बसले होते.

दिवस मावळताना मामा गोठ्यात एकटे सापडले. म्हशीपुढं वैरण टाकत होते. मी आडपडदा ठेवला नाही. "मामा, धाकट्याला खरं आन् मला खोटं. असं का?"

ते दचकले नाहीत. पेंढी हातातच राहिली. "त्यो नवा हाय. शेरातला. त्याला कळलं असतं आन् पोरीला बोल लागला असता. तुमी काय, घरचं."

"घरचा हाय तर मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर घातलं असतंसा?"

त्यांनी मला टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. घातले असते. हसत घातले असते. एवढंच काय, दुकानातच त्यांनी तोंड उघडलं असतं तर मीच म्हणालो असतो, खरे धाकट्याला घ्या, मला कॉपी चालते. अकरा वर्षं मी या दारात येत होतो, आणि एवढं या माणसाला माझ्याविषयी ठाऊक नव्हतं. राग अंगावर असा चढला की खरं बोलावंसंच वाटेना.

"न्हाई," मी म्हणालो. "नसते घातले."

मामांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले, आणि उरलेली पेंढी म्हशीपुढं सारली.