तेवीस किलोंत न बसलेलं

परदेशी निघालेल्या आमच्या प्रत्येक माणसाला विमानात तेवीस किलो सामान नेता येतं. त्यात न बसलेलं सगळं आमच्याकडे राहतं. कुणाची छत्री, कुणाचा खलबत्ता, आणि किस्से. छत्र्या आणि खलबत्ते आम्ही घरी पोचवतो. किस्से मात्र साठत जातात.

आमचं ऑफिस म्हणजे हुबळीत, केशवापूरला, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. टांझानियातल्या दवाखान्यांत, शाळांत, शेतांवर वर्षभर सेवा करायला निघालेल्या लोकांची आम्ही इथं महिनाभर तयारी करून घेतो. प्रमुख आमचे अण्णा, रिटायर्ड हेडमास्तर. आणि 'घरापासून लांब कसं राहावं' हा विषय शिकवते मी. म्हणजे धारवाडहून, केलगेरीच्या घरातून निघून बस हुबळीला पोचेपर्यंत सासूबाईंना दोनदा फोन करून 'सईनं दूध प्यायलं का' विचारणारी मी. सई माझी मुलगी, पाच वर्षांची. तिला सोडून मी एक रात्रही कुठं राहिलेली नाही.

यंदा अण्णा म्हणाले, "या बॅचबरोबर पहिले दहा दिवस तुम्ही जायचं. शिकवताय तर एकदा करून दाखवा."

मी म्हटलं, "अण्णा, सईला सर्दी आहे."

"बॅच पुढच्या महिन्यात निघते," अण्णा म्हणाले. "एवढी मोठी सर्दी मी बघितली नाही."

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर नियम लिहिला: घरी फोन आठवड्यातून एकदाच. खडू खाली ठेवते तोच माझा फोन वाजला. "सॉरी, घरचा आहे, अर्जंट," म्हणत मी कोपऱ्यात गेले. खोली एवढीशी, कोपरा नावालाच. सगळ्या वर्गानं ऐकलं: "भाजी नको म्हणाली? मग गूळ-पोळी द्या."

परत आले तर मारुती वहीत काहीतरी लिहीत होता. मारुती अळणावरजवळच्या खेड्यातला, तिकडं शेतीचं काम शिकवायला निघालेला. मी वाकून बघितलं.

'आठवड्यातून एक फोन. अर्जंट असल्यास जास्त. उदा. गूळ-पोळी.'

*

शनिवारी सईला अर्धा दिवस शाळा. मग सासूबाई तिला हुबळीला आणून सोडतात आणि ती माझ्या वर्गात मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसते. त्या शनिवारी विषय होता, तिकडं एकटं असताना रडू आलं तर काय करायचं.

"दाबून ठेवू नका," मी सांगितलं. "घड्याळ बघा, दहा मिनिटं मनसोक्त रडा, मग उठा आणि चहा घ्या."

"आणि दहा मिनिटांत नाही थांबलं तर?" शकुंतलाक्कांनी विचारलं. या रिटायर्ड नर्स.

"तरी उठायचं. चहा पिताना रडता येत नाही."

मागून सई म्हणाली, "आई, दहा मिनिटं म्हणजे मोठा काटा कुठून कुठं?"

"एका आकड्यावरून निघून, मधला एक सोडून पुढच्यावर. तू हत्ती रंगव."

*

मग बॅग भरण्याचा दिवस. खालच्या दुकानातून काटा आणला. शकुंतलाक्कांची बॅग भरली एकतीस किलो. उघडली तर निम्मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"अक्का, भाकरी कमी करा," मी म्हटलं.

अक्कांनी शांतपणे साड्या बाहेर काढायला सुरुवात केली. सहाव्या साडीला मी त्यांचा हात धरला. "अहो, तिकडं नेसणार काय?"

"साडी तिथं कुणीतरी देईल की," अक्का म्हणाल्या. "भाकरी कोण देतंय?"

काटा तेवीसवर आला. बॅगेत एक साडी उरली होती, आणि ती भाकऱ्यांना गुंडाळायला.

*

भाषा येत नसताना कसं निभवायचं, याचाही एक तास असतो. पण आमच्या लोकांना मराठी येते, कन्नड येते, हिंदी येते. न कळणारी भाषा हुबळीत आणायची कुठून? म्हणून अण्णांची युक्ती अशी, की जुन्या हुबळीच्या बोळात जायचं, एक अक्षर न बोलता सुईदोरा आणायचा.

मारुती गेला. दुकानदारानं त्याला मुका समजून खुर्ची दिली, चहा पाजला. तेवढ्यात मारुतीचा मावसभाऊ तिथून चालला होता. "मारुत्या, हितं कसा रं?" मारुती तत्त्वाचा माणूस. त्यानं नुसते हात हलवले. भाऊ घाबरला आणि त्यानं गावी फोन लावला: मारुतीची वाचा गेली.

मारुती सुईदोरा घेऊन ऑफिसात आला. दोन तासांनी गावाकडून टेम्पो आला. पुढं त्याची आई, मागं अर्धी भावकी. अण्णांनी घाम पुसत सगळा खुलासा केला. तास संपला असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मारुती अजून गप्पच.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे दुपारपासनं ह्यो एक शब्द बोलला न्हाई?"

"एकही नाही."

"मग अजून म्हैनाभर ठिवून घ्या की."

*

निघायच्या दुपारी जीप ऑफिसखाली उभी होती. महिनाभर मी सईची तयारी करून घेतली होती. कॅलेंडरवर दहा फुल्या, दहा खोक्यांत दहा खाऊ. माझी तयारी कुणीच करून घेतली नव्हती. वर दारात सासूबाईंचा हात धरून सई हसत टाटा करत होती. मी दोन पायऱ्या उतरले, मागं वळून बघितलं, आणि तिथंच बसले. पदर तोंडाला लावून जी रडायला लागले ती लागलेच.

जिन्यात मारुती, शकुंतलाक्का, सगळी बॅच तेवीस-तेवीस किलो धरून उभी. अण्णा म्हणाले, "नसेल जमत तर राहू द्या."

सई आत पळाली. वर्गातल्या घड्याळाखाली मान वर करून उभी राहिली. अक्कांनी हाक मारली, हलली नाही. सासूबाईंनी हाक मारली, हलली नाही.

मग बाहेर आली, माझ्या हातातला पदर काढून घेतला.

"आई, मोठा काटा तीनवरून पाचवर आला. ऊठ." आणि अण्णांकडं वळून म्हणाली, "आजोबा, हिला चहा द्या."