वरातीच्या चालीचा जेट

"क्लच दाब! इंजिन बंद कर!" मी ओरडले. राळेगाव रोडवर फुल थ्रॉटलमध्ये आलेली एटीव्ही घरंगळत माझ्यापाशी थांबली. मी पान्यानं स्पार्क प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा.

"आजी, काय पळून राह्यली पाहा!" विशालची बत्तिशी दिसत होती.

"म्हणूनच भेव वाटते बाप्पा. अशीच पळता पळता सीज होते, इंजिन जागीच जाम."

डॉक्टर जीभ बघतो, तसा आम्ही मेकॅनिक प्लग बघतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. काळा, ओला म्हणजे पेट्रोल जास्त. चहाच्या रंगाचा दिसला की मेकॅनिकनं घरी जाऊन जेवावं.

विशाल जवळच्या तांड्यातला. रुंद टायरची, मोटरसायकलच्या हँडलची ही जुनी टू-स्ट्रोक एटीव्ही त्यानं हौसेनं घेतली होती. आपल्या लग्नाला घोडीवरून नाही, हिच्यावरून जायचं, असा त्याचा हट्ट. त्यासाठीच यवतमाळहून फुगीर पोटाचा नवा सायलेन्सर बसवून आणलेला. त्याच्या मामांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "सोयऱ्याच्या दारात बंद पडली तं ढकलत नेशीन काय? घोडी सांगून ठेवतो."

"बंद पडली न आजी, तं मामा मले म्हातारा होईस्तोर सोडत नाही," विशाल म्हणाला.

सायलेन्सर मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र जुन्याच मापानं येतं. ते माप म्हणजे जेट. कार्बोरेटरमधला पितळेचा बारीक स्क्रू, मधोमध भोक. मी मेन जेट एक नंबर मोठा टाकला, मग आणखी एक. प्लग चहाच्या रंगाचा आला. आवाज असा की शेतातले बगळे उडाले. मी खूश.

चोविशीत नवऱ्याच्या गॅरेजमध्ये शिरले, तेव्हा माझं ट्युनिंग एवढंच होतं. पदर खोचायचा, थ्रॉटल पिळायचा, दोन गल्ल्यांत आवाज गेला की काम झालं. गिऱ्हाईक गाडी ढकलत परत आलं की मी कमरेवर हात ठेवून सांगायची, "पेट्रोलमध्ये भेसळ आहे." काय दिमाख होता बाईचा! ती बाई केव्हाच गेली, असं मी धरून चालले होते.

तेवढ्यात विशालची आई डबा घेऊन आली. तो तिला याडी म्हणतो. तिनं गाडीची एक फेरी पाहिली आणि मला विचारलं, "एवढं जोरात कुठं जायचं हाय वो त्याले? वरात का पळते? पुढं बाया नाचतीन, हा मागून मुंगीवानी येईन."

मी कार्बोरेटरकडे पाहिलं. मेन जेटचं काम फुल थ्रॉटलला. मुंगीच्या चालीला पेट्रोल देतो तो वेगळाच, पायलट जेट. त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. चोविशीतली बाई कुठं गेली नव्हती, माझ्याच खुर्चीत बसून होती.

"मंग नाचून दाखव न माय," मी म्हटलं.

याडीनं डब्याचं झाकण चमच्यानं वाजवत ताल धरला. मागून विशाल गाडीवर. चिंचेपासून पानटपरीपर्यंत जाता जाता गाडी बुडबुडली, धूर सोडला, बंद. प्लग काळा, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-स्ट्रोक तेलानं चिंब. हा सायलेन्सर वरच्या स्पीडसाठी बनलेला. हळू चालीत धूर नीट बाहेर टाकत नाही, आणि आत पेट्रोल साचतं.

पायलट जेट एक नंबर लहान केला. एअर स्क्रू थोडा सैल करून हवा वाढवली. आयडल चढवलं, म्हणजे थ्रॉटल सोडला तरी इंजिन चालू राहील. प्लगही बदलला. जास्त तापणारा घातला, म्हणजे अंगावर आलेलं तेल तो जाळून टाकेल.

"पण ह्या प्लगवर पळवायची नाही हं. पिस्टनले भोक पडन."

"अन् येताना?"

"येताना बायको मागं राहीन. तुले कायची घाई?"

प्रत्येक बदलानंतर याडी नाचली. शेवटी गाडी बंद पडायची थांबली आणि याडी मटकन बसली. "पोराचं लगन व्हायच्या आंधीच माहे पाय गेले वो!"

वरातीत मी गाडीशेजारून चालले. अंगावर नवी साडी, कमरेला प्लगपाना. नवरीच्या मांडवासमोर मामा नाचत गाडीला आडवे आले. त्यांचा नाच काही आवरेना. त्यांची नजर नवरदेवाकडे नाही, इंजिनाकडे, कधी बंद पडतं म्हणून. विशाल थ्रॉटल जपून धरून होता.

अचानक शांतता. गाणंच बंद. डीजेचा जनरेटर बसला होता, आणि डीजे मामांनी ठरवलेला.

मामा एक पाय उचललेल्या अवस्थेत उभे. सगळ्या वरातीत एकच आवाज, टुंग टुंग टुंग टुंग.

"चालू हाय न वो आजी?" मामांनी हळूच विचारलं.

"हाव. तुमचा डीजे तेवढा मेला."

मामांनी क्षणभर ऐकलं, उचललेला पाय त्याच ठेक्यावर खाली टाकला आणि नाचतच भाच्याला मांडवापर्यंत घेऊन गेले. मागून याडी पण. पाय गेलेत म्हणत होती.

आता गॅरेजला सायलेन्सर बदललेली गाडी आली, की किती पळवायची हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "पुढं नाचणार कोण हाय?"