वन्संचा मान

नाशकातल्या ज्या बाईला आमच्या वन्संनी "शेवटची तपासणी कधी केली होती?" असं विचारलेलं नाही, ती एकतर नाशकातली नसावी, नाहीतर तेव्हा परगावी गेलेली असावी. भाजीवाली, बँकेतली बाई, भर मांडवातली वरमाई, कुणी म्हणजे कुणी सुटत नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बायकांच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर. इंदिरानगरात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. एकदा मी भरली वांगी करायला घेतली होती, तर त्यांनी एक वांगं देठ खाली करून सगळ्यांसमोर धरलं. "हे गर्भाशय, आणि हे खाली देठाजवळ त्याचं तोंड. रोग बहुतेक इथंच धरतो आणि बायका लाजतात तेही इथंच." माझ्या नवऱ्यानं तेव्हापासून भरली वांगी सोडली. त्या परदेशातल्या परिषदेहून आल्या की आम्ही हौसेनं विचारतो, काय काय पाहिलं? "तिथल्या बायकाही लाजतात," एवढंच प्रवासवर्णन.

मानपानाचं तर त्यांना वावडंच. आमच्या लग्नात माझ्या आईनं नणंदेचा मान म्हणून दिलेली साडी आठवड्याच्या आत त्यांच्या दवाखान्यात पडदा होऊन लटकत होती. "खोलीला आडोसा हवाच होता गं," असं वर मलाच सांगितलं.

वेळेत सापडलेला आजार पुऱ्या उपचारानं बरा होऊ शकतो, मग बाया अर्ध्यावर उठून घरी का जातात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आयुष्य घातलंय त्यात. आणि माझी आईच अर्ध्यावर उठून गेली. तिचं दुखणं वन्संनीच खोदून खोदून विचारून पकडलं होतं. आमच्याकडे राहून ती रोज किरणांचे उपचार घ्यायला जात होती. तिथं रांगेत पेठ तालुक्यातल्या एका बाईशी तिची गट्टीही जमली होती. पण उन्हाळ कांदा काढायला आला, मजूर मिळेनात, तशी शनिवारी चांदवडला आपल्या घरी गेलेली आई सोमवारी आलीच नाही. फोनवर वन्संनी परोपरीनं समजावलं. "कांदा निघू द्या, मंग येते," म्हणाली. मला रडूच कोसळलं. आई हातातून जाते, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वन्सं मला घेऊन चांदवडला निघाल्या. लेकीची नणंद दारात पाहून आईची धांदल उडाली. शेतातून बायकांना हाका मारून पुरणपोळी झाली, पाट मांडला, ताट वाढलं. वन्सं पाटावर बसल्या आणि हाताची घडी घालून म्हणाल्या, "मी जेवणार नाही."

"अगं बाई! काय चुकलं ताई आमचं?"

"माझा मान राहिला. आत्ता माझ्याबरोबर गाडीत बसायचं आणि उपचार संपेपर्यंत परत यायचं नाही. नाहीतर मी उपाशी जाते. भावजयीच्या माहेरी मला धड जेवूही घातलं नाही, असं सगळ्या नातेवाइकांत सांगते!"

"आन् कांद्याचं वो?"

वन्संनी तोंड फिरवलं. पुरणपोळीवरचं तूप थिजायला लागलं. वन्संना भूक अजिबात सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या भिंतीकडे बघत आवंढे गिळत होत्या. शेवटी आई उठली आणि पिशवी भरू लागली. "लय अवघड बाई हाय तुझी नणंद," मला म्हणाली. मग वन्सं ताटावर अशा तुटून पडल्या की वाढणारीचे हात दुखले. मला मात्र त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी समजावतच बसले. रुसायचं सुचलंच नाही."

आईचे उपचार पुरे झाले. परवाच्या तपासणीत सगळं ठीक निघालं. निघताना तिनं वन्संना विचारलं, "ती पेठची कशी हाय वो? मधूनच यायची बंद झाली ती." भल्याभल्यांना सडेतोड उत्तरं देणाऱ्या वन्सं आईचा पदर उगाच सारखा करत राहिल्या.

बसमध्ये आई म्हणाली, "ताईंनी तिच्याकडंबी जेवाया जायला पायजे व्हतं."

मी हे वन्संना सांगितलेलं नाही. पण आताशा रविवारी त्यांचं ताट आमच्याकडे नसतं. कुठल्या तरी गावात, ओळखीच्या ना पाळखीच्या बाईच्या घरी त्या रुसून बसलेल्या असतात.